वकील अनेक, जबाबदार कोण?

उधारीवर माल देणाऱ्याला आज ना उद्या कोर्टाची पायरी चढावी लागते. वकील कसा निवडावा, याविषयी आमच्या व्यापारीबांधवांत भरपूर चर्चा होते. पण एकाच कामात दोन-तीन वकील आले की कोणी काय करायचे, हे ठरवून लिहून ठेवण्याची चाल आमच्यात जवळजवळ नाही. त्यापायी केवढे नुकसान होते, याचे एक उदाहरण आमच्या अगदी परिचयातले आहे.

भिवंडीतील एका यंत्रमागवाल्याचा तीन लाख चाळीस हजारांचा चेक परत आला. त्यांनी मुदतीत नोटीस देऊन स्थानिक वकिलामार्फत फिर्याद दाखल केली. आरोपी व्यापारी ती रद्द करून घेण्यासाठी मुंबई हायकोर्टात गेला आणि त्याने खालच्या कामाला स्थगिती मिळवली. तेव्हा आमच्या स्नेह्यांनी मुंबईत दुसरा वकील दिला. दीड वर्षाने हायकोर्टाने अर्ज फेटाळला आणि स्थगिती उठली. मुंबईच्या वकिलांनी ही खुशखबर भाच्याच्या मोबाईलवर कळवली व आपले काम संपले असे मानले. भिवंडीच्या वकिलांना कोणी काही सांगितलेच नाही. भाच्याला वाटले, वकिलांचे आपसात बोलणे होत असेलच. खाली तारखा पडत राहिल्या, फिर्यादी हजर नाही, वकीलही हजर नाही. शेवटी फिर्याद निघाली आणि आरोपी सुटला. हाजीसाहेबांना हे कळले ते आरोपीने बाजारात पेढे वाटले तेव्हा.

दोन्ही वकील आपापल्या कामात चोख होते. दोष कोणाचा म्हणावा? मधली जागा कोणाच्याच नावावर नव्हती.

बँका, विमा कंपन्या, मोठे कारखाने यांचे शेकडो, हजारो दावे गावोगावच्या कोर्टांत चालू असतात. त्यांचे स्वतःचे कायदा खाते असते, पण कोर्टात उभे राहण्याचे काम बाहेरच्या वकिलांना व त्यांच्या फर्मना दिलेले असते. एवढा पसारा तोंडी सांभाळणे अशक्य, म्हणून त्यासाठी खास सॉफ्टवेअर वापरतात. त्याची रचना आपल्या खतावणीसारखीच समजावी. खतावणीत जसे प्रत्येक आसामीचे पान वेगळे, तसे यात प्रत्येक दाव्याचे पान वेगळे. तारखा, कागद, हुकूम, खर्च सारे त्या पानावर. आणि त्याच पानावर, बाहेरची कोणती फर्म या दाव्यात कोणत्या नात्याने आहे, हे नोंदवावे लागते.

ही नाती ठरलेली असतात. एक मुख्य वकील, म्हणजे सगळ्या कामाचा एकंदर जिम्मा ज्याचा तो. दुसरा स्थानिक वकील, जो त्या गावच्या कोर्टात तारखेला उभा राहतो. वरच्या कोर्टात बाजू मांडण्यासाठी सीनियर वकील असू शकतात, पण ते स्वतःच्या नावे वकीलपत्र दाखल करीत नाहीत. सुप्रीम कोर्टात तर कागद दाखल करण्याचा अधिकार फक्त ‘अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ म्हणून नोंद झालेल्यांनाच आहे. तेव्हा दिल्लीला दाखल करणारा एक आणि बोलणारा दुसरा, हे तिथे नित्याचेच. जीएसटीच्या भांडणात यात सी.ए.चीही भर पडते. नावे कितीही असोत, पण चांगल्या व्यवस्थेत मुख्य वकील एकच ठेवतात. दोन मुख्य म्हणजे एकही नाही, हे आमचे मत वरच्या प्रकरणानंतर पक्के झाले आहे.

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. जबाबदारी फर्मच्या नावे टाकून भागत नाही. फर्म म्हणजे पाटी. काम माणसे करतात. म्हणून फर्मच्या नावाखाली त्या दाव्यातली माणसेही नोंदवतात: भागीदार वकील कोण, तारखेला जाणारा तरुण वकील कोण, बिल पाठवणारा कारकून कोण. तरुण वकील फर्म सोडून गेला तर फर्मची नेमणूक कायम राहते, फक्त त्या माणसाचे नाव बंद करून दुसऱ्याचे घालतात. आपल्याकडे उलटे होते. ओळख त्या तरुण वकिलाशी, फोन त्याचाच, आणि तो गेला की फाईल कुठे आहे हेही कळत नाही.

मग कोणाला काय दिसावे, हा प्रश्न येतो. एका दाव्यासाठी नेमलेल्या फर्मला त्याच दाव्याचे पान उघडता यावे, बाकीची नाही. कोणाला फक्त वाचता येते, कोणाला कागद चढवता येतात, बिल मंजूर करण्याचा अधिकार मात्र कंपनीच्या माणसाकडेच राहतो. कोणी कधी कोणता कागद उघडला याचीही नोंद ठेवता येते. हा संशयीपणा नव्हे. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करू नये, असे बंधन भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने वकिलावर घातले आहे, आणि ते त्याच्या कारकुनांनाही लागू आहे. पण आपणच सारे कागद एका ग्रुपवर टाकले आणि त्या ग्रुपमध्ये दलाल, मेहुणे आणि शेजारचा दुकानदारही असला, तर कलम बिचारे काय करणार?

आता जी चूक भले भले शिकलेले लोक करतात तिच्याकडे वळू. कॉम्प्युटरवर एखाद्याला ‘मुख्य वकील’ केले म्हणून तो कोर्टात आपला वकील होत नाही, आणि नाव पुसले म्हणून तो कोर्टातून दूर होत नाही. कोर्ट ओळखते ते वकीलपत्र. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे एकदा दाखल झालेले वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने लेखी रद्द होईपर्यंत किंवा कामकाज संपेपर्यंत चालू राहते. (पक्षकाराचा वा वकिलाचा मृत्यू झाला तर गोष्ट वेगळी.) नव्या वकिलालाही जुन्याच्या संमतीशिवाय परस्पर उभे राहता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे संमती घ्यावी लागते, ती मिळत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करावा लागतो. म्हणून वकील बदलला की दोन ठिकाणी काम करायचे: कोर्टात वकीलपत्राचे, आणि आपल्या नोंदीत नावाचे. नोंदीतून जुने नाव खोडू मात्र नये. त्यापुढे ‘अमुक तारखेपर्यंत’ असे लिहावे. दोन वर्षांनी एखादा हुकूम कोणाच्या हाती पडला होता हे शोधायची वेळ आली, तर ती तारीखच उपयोगी पडते.

जुन्या वकिलाची फी थकली असेल तर तो फाईल अडवून धरील, ही भीती अनेकांना असते. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २००० साली दिला आहे. फी बुडवावी असा त्याचा अर्थ नव्हे. ती वसूल करण्याचे मार्ग वकिलाला वेगळे आहेत.

बिलाचाही याच नोंदीशी संबंध आहे. मोठ्या कंपन्यांत, जी फर्म त्या दाव्यावर नेमलेलीच नाही तिचे बिल परत जाते, आणि ज्या वकिलाचा दर आधी मान्य केलेला नाही त्याचे तासही कापले जातात. आपल्याकडे तासाचा हिशेब क्वचितच असतो, पण तारखेचे किती, नोटिशीचे किती, सीनियरांचे वेगळे की त्यातच, हे आधी कागदावर यावे. वसुलीतला हिस्सा फी म्हणून ठरवणे वकिलांना मना आहे, तेव्हा तो आग्रह आपणही धरू नये. आणखी एक सूचना: जीएसटी नोंदणीच्या मर्यादेबाहेर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला वकिलाच्या फीवरचा १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने स्वतःच भरावा लागतो. वकिलाच्या बिलात तो दिसत नाही, म्हणून विसरला जातो.

चार दावे असलेल्या माणसाने यासाठी सॉफ्टवेअर घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. जाड पुठ्ठ्याची एक वही पुरे, किंवा मुलांना येत असेल तर कॉम्प्युटरवरचा साधा तक्ता. दर दाव्याला एक पान. वर कोर्टाचे नाव व दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सी.एन.आर. क्रमांक, या क्रमांकावर पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपवर स्वतःला पाहता येते. खाली मुख्य वकील, तारखेला जाणारा, वरच्या कोर्टातला, आणि प्रत्येकापुढे कधीपासून, वकीलपत्र दाखल आहे की नाही. चेकच्या कामात नोटीस कोण पाठवणार हेही तिथेच लिहावे, कारण बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, ही साखळी कोणाची वाट पाहत नाही. सर्वांत शेवटी एक ओळ घरच्या माणसासाठी: एका वकिलाकडची बातमी दुसऱ्याला कोणी पोहोचवायची.

हाजीसाहेबांच्या पेढीवर अशी वही आता गल्ल्याशेजारी असते. सुटलेल्या आरोपीविरुद्ध त्यांनी अपील केले असून ते वेगळ्या पानावर आहे. त्या पानावर शेवटच्या ओळीत पूर्वी भाच्याचे नाव होते. ते खोडलेले नाही. पुढे तारीख टाकली आहे, आणि खाली मुलीचे नाव आहे.