पशुवैद्यकीय हत्यारांचे निर्जंतुकीकरण
जनावरांना टोचावयाच्या सुया व शस्त्रक्रियेची हत्यारे पाण्यात उकळली म्हणजे काम झाले, असा समज खेडोपाडी आढळतो. तो पुरता खरा नाही. उकळत्या पाण्याचे उष्णतामान 100 अंश सेंटिग्रेडच्या वर जात नाही आणि धनुर्वात, फऱ्या व फाशी या रोगांचे बीजाणू तेवढ्याने खात्रीने मरत नाहीत. बंद दाबयंत्रात दर चौरस इंचास 15 पौंड दाब ठेवल्यास वाफ 121 अंशांपर्यंत तापते. मग 15 ते 20 मिनिटांत बीजाणूही नष्ट होतात.

पोटातील तपासणीच्या दुर्बिणीसारखी नाजूक उपकरणे ही उष्णता सोसत नाहीत. त्यांच्यासाठी मोठ्या रुग्णालयांतून आता हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ व विद्युत्‌शक्तीने उत्पन्न केलेला प्लाझ्मा वापरतात. हे काम सुमारे 50 अंशांतच होते व मागे पाणी आणि प्राणवायू एवढेच उरते.

परंतु हत्यारास रक्त वा पू चिकटलेला असल्यास यंत्र कितीही नवे असो, त्या थराखाली जंतू सुखरूप राहतात. म्हणून वापर होताच हत्यार थंड पाण्याने धुवावे. गरम पाण्याने रक्त साकळून घट्ट बसते. जिवंत लस भरावयाच्या पिचकारीस मात्र जंतुनाशक औषध लावू नये. त्याच्या अंशाने लसच निकामी होते आणि टोचलेले जनावरही रोगास बळी पडते.