न्यू ऑर्लिन्सची पंगत

भाद्रपद शुद्ध पंचमीला आपल्या घरोघरी ऋषीची भाजी शिजते. बैलाच्या कष्टाचे काही खावयाचे नाही, हा त्या दिवसाचा नेम. म्हणून परसात आणि कुंपणाकडेला जे उगवले असेल ते सारे एका पातेल्यात येते. माठ, अळू, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसे ही एरवी वेगवेगळ्या वारी ताटात येणारी मंडळी त्या दिवशी अशी एकजीव होतात की, कोणाची चव कोणती हे सांगणे कठीण. या भाजीची एक बहीण अमेरिकेच्या दक्षिण भागात, लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरी नांदते आहे, असे सांगितले तर आमच्या वाचक भगिनींना नवल वाटेल. तिचे नाव ‘गंबो झेर्ब’, म्हणजे पालेभाज्यांचा गंबो.

गंबो म्हणजे तिकडचे दाट कालवण. भाताच्या मुदीवर ते वाढतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भेंडी आणि तिचे नाव आपल्याबरोबर नेले, त्या नावावरूनच ‘गंबो’ हा शब्द आला असे मानतात. मैदा तेलात परतून तांबूस करण्याची रीत फ्रेंचांची. दाटपणा आणणारी ससाफ्रास झाडाच्या वाळल्या पानांची पूड तेथील मूळच्या चॉक्टॉ लोकांची. ज्यांनी एकमेकांवर राज्य केले आणि ज्यांनी ते सोसले, त्या सर्वांचा हात त्या एका भांड्याला लागलेला आहे. पालेभाज्यांचा गंबो ख्रिस्ती लोकांच्या पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी करतात. त्यात पालेभाज्यांची संख्या विषम हवी. आणि जितके पाले, तितके नवे मित्र वर्षभरात जोडले जातात, असा लोकसमज आहे.

हा गंबो ज्यांच्या हातचा विशेष नावाजला गेला, त्या श्रीमती लीआ चेस आपल्या भांड्यात नऊ पाले घालीत. ऑर्लिन्स अव्हेन्यूवरील ‘डूकी चेस’ हे त्यांच्या सासरचे उपाहारगृह. सासूसासऱ्यांनी १९४१ मध्ये ते थाटले, तेव्हा तेथे सँडविच आणि लॉटरीची तिकिटे विकली जात. लीआबाईंचा जन्म १९२३ चा, घर मोठ्या खटल्याचे. तरुणपणी त्यांनी गोऱ्यांच्या उपाहारगृहात वाढपिणीचे काम केले. पांढरीशुभ्र मेजपोसे, चकचकीत काटेचमचे, पाहुण्याची अदबीने होणारी विचारपूस, हे सारे त्यांनी तेथे पाहिले. पण तेथे बसून जेवण्याची त्यांना मुभा नव्हती. १९४६ मध्ये वाद्यवृंद चालविणाऱ्या एडगर चेस यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी मनाशी ठरविले की, आपल्या माणसांनाही अशाच मेजावर, असेच आदराने जेवू घालावयाचे. आरंभी त्यांनी गोऱ्यांच्या थाटाचे शेवंडाचे पक्वान्न करून पाहिले. गिऱ्हाइकांनी नाके मुरडली. लीआबाई काय समजावयाचे ते समजल्या. मेजपोस राहिले, पक्वान्न गेले. त्या जागी तळलेली कोंबडी, राजम्यासारख्या लाल घेवड्याची उसळ व भात, आणि गंबो आला. माणसाला मान हवा असतो, पण घास मात्र आईच्या हातचा हवा असतो, हे त्यांनी त्या फसलेल्या पक्वान्नातून ओळखले असावे.

ज्या शहरात हे घडत होते, त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असल्यावाचून या जेवणाचे मोल कळणार नाही. याच शहरात १८९२ मध्ये होमर प्लेसी नामक गृहस्थ आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसले म्हणून त्यांना अटक झाली. आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे, पण समान’ या तत्त्वावर त्या भेदावर शिक्कामोर्तब केले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ शाळा, गाडी, पाणी आणि पंगत यांमध्ये ती रेघ राहिली. काळ्यागोऱ्यांनी एका मेजावर बसणे म्हणजे कायदेभंग. परंतु डूकी चेसच्या माडीवर तो कायदेभंग गंबोच्या वाफेत राजरोस चाले. दोन्ही वर्णांचे कार्यकर्ते तेथे जमत, जेवत आणि चळवळीचे बेत आखीत. मार्टिन ल्यूथर किंग तेथे आले. १९६१ मध्ये बसगाड्यांतील भेद मोडण्यासाठी निघालेले तरुण ‘फ्रीडम रायडर्स’ तेथे जेवले. लीआबाईंनी व्यासपीठावरून भाषणे ठोकल्याचे आम्ही वाचलेले नाही, त्यांनी वाढले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ती रेघ सरकारी कागदावरून पुसली गेली. आपण गंबोच्या वाडग्यावर अमेरिकेची वाट बदलली, असे त्या पुढे अभिमानाने सांगत. त्यात अतिशयोक्ती असलीच तर ती गोड आहे.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळाने शहर बुडाले आणि उपाहारगृहातही पाणी शिरले. तेव्हा लीआबाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. भिंतींवरील कृष्णवर्णीय चित्रकारांची मोलाची चित्रे नातवाने वाचविली. वृद्ध पतिपत्नी समोरच सरकारने दिलेल्या फिरत्या घरात राहिली, आणि दोन वर्षांनी, २००७ मध्ये, चूल पुन्हा पेटली. २००८ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत बराक ओबामा जेवावयास आले. त्यांनी चव पाहण्यापूर्वीच गंबोत तिखट सॉस ओतला, तेव्हा बाईंनी त्यांना चांगलेच दटावले. २०१९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. चेस कुटुंबाची पुढील पिढी आजही ते घर चालविते.

कोणी म्हणेल, दूरदेशीच्या या कथेचे आपल्याला काय? वाचकहो, हे नाते नवे नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, तो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आणि आमच्या बेळगावपासून फार दूर नसलेल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढावयास लावले. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यावयास कोणी येईना, तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो घ्यावा लागला. डूकी चेसच्या माडीवर जे पुढे घडले, तेच येथे एका कपात घडले.

हे लिहिताना आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नाहीतर हा लेख लिहिण्याचा आमचा अधिकार संशयास्पद ठरेल. १९७० नंतरच्या दशकातील आमच्या गावात एक हॉटेल होते. त्याच्या बाहेरच्या कोनाड्यात दोन वेगळ्या कपबश्या उपड्या ठेवलेल्या असत. आम्ही चौथीची परीक्षा उत्तीर्ण झालो त्या दिवशी वर्गात पहिल्या आलेल्या मित्रासह भजी खावयास गेलो. आम्ही आत बाकावर बसलो. तो बाहेर उभा राहिला आणि कोनाड्यातील कप त्याने आपणच उतरवून घेतला. आम्ही भजी संपविली. एक शब्दही बोललो नाही.

यंदा घरी नऊ पाल्यांचा गंबो करून पाहिला. मेथी, पालक, चाकवत, चुका, माठ, अंबाडी, शेपू, मुळ्याचा पाला आणि मोहरीचा पाला. तेलात मैदा मंद आचेवर परतताना लाडवाचे बेसन भाजण्याइतकाच धीर लागला. भेंडी घातलीच. जेवावयास त्या मित्राला सपत्नीक बोलावले. तोही आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. इतक्या वर्षांत लग्नकार्यांत भेटी झाल्या होत्या. पण एका ताटाशेजारी दुसरे ताट मांडून, घरच्या जमिनीवर, कधी बसलो नव्हतो. का नव्हतो, याचे उत्तर आमच्यापाशी होते, आणि ते सांगण्यासारखे नव्हते.

त्याने भात कालवला, चव घेतली, आणि अंबाडी थोडी जास्त पडल्याचे सांगितले. दुसऱ्यांदा वाढून घेतले. मग म्हणाला, “तो कोनाड्यातला कप पिऊन झाल्यावर मीच विसळून ठेवायचो. आठवतं ना तुला?”

“आठवतं,” आम्ही म्हणालो.

“मला वाटलं होतं, तू विसरला असशील,” असे म्हणून त्याने भाताचे पातेले आपल्याकडे ओढले.