वृद्धाश्रमांतील कुपोषण : टंचाई अन्नाची की मनुष्यबळाची?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. कुपोषणाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने बालके व माता यांच्याभोवती फिरते. वृद्धाश्रमांतील कुपोषण तर आकडेवारीतही उमटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पोषणाची मोजमापे स्त्रियांबाबत ४९ व पुरुषांबाबत ५४ वर्षांपर्यंतच घेतली जातात. २०१७-१८ च्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक पाहणीत साठीपुढील सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले. परंतु ती कुटुंबांची पाहणी असल्याने संस्थांत राहणारे वृद्ध तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

निर्जलीकरणाचा धोका वार्धक्यात मुळातच अधिक असतो. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. उतारवयात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येते. तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमता घटते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीवाटे आणखी पाणी जाते. त्यातच रात्री शौचालयापर्यंत आधार द्यायला कोणी नसेल, तर अनेक वृद्ध संध्याकाळनंतर पाणी पिणेच टाळतात. यातून येणारी ग्लानी, बुद्धिभ्रम वा तोल जाणे ही ‘वयाची लक्षणे’ समजून सोडून दिली जातात. जेवणाची कथा फारशी वेगळी नाही. ताट वेळेवर येते. पण दात नसतात, हात थरथरतो आणि अर्धे ताट तसेच परत जाते. संस्थेच्या नोंदवहीत मात्र ‘भोजन दिले’ एवढेच लिहिलेले असते.

म्हणजे टंचाई धान्यापेक्षा वेळेची आहे. एका परावलंबी वृद्धाला भरविण्यास अर्धा तास लागतो असे धरले, तर अशा दहा जणांच्या एका जेवणाला पाच मनुष्यतास हवेत. दोन परिचारकांना ते अडीच तासांखाली शक्य नाही. वाढदिवसाला गोड जेवण देणारे दाते पुष्कळ मिळतात, परिचारकाचे वेतन देणारा दाता विरळा.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मधील कलम १९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एका वृद्धाश्रमापासून आरंभ करावयाचा आहे. मात्र या तरतुदीतील शब्दयोजना राज्य सरकारांना अधिकार देणारी आहे, बंधन घालणारी नाही. वृद्धाश्रमांतील सेवांचा दर्जा ठरविणेही याच कलमाने राज्यांवर सोपविले आहे. ज्येष्ठांच्या निवासगृहांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद असलेले सुधारणा विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. सतराव्या लोकसभेच्या मुदतीत ते संमत झाले नाही.

मानके ठरविताना खाटा व खोल्या मोजणे सोपे असते, म्हणून त्याच मोजल्या जातात. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानंतर शुश्रूषागृहांतील प्रत्येक रहिवाशाचे ठराविक काळाने मूल्यमापन सक्तीचे झाले. त्यात महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटले, तर त्याची स्वतंत्र नोंद करावी लागते. अशा नोंदीसाठी एक वजनकाटा व एक वही पुरते. जे उभे राहू शकत नाहीत, त्यांच्या दंडाचा घेर मोजपट्टीने घेता येतो.