स्मारकाचा मनोरा पुन्हां कां आंखला?

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या वर्गांत न्यूयॉर्क शहराच्या एका चित्राभोंवतीं मुलांचा घोळका जमला होता. चित्रांत एक अतिउंच, कांचेनें मढविलेला, उन्हांत चकाकणारा मनोरा होता. कोणी त्याचे मजले मोजूं पाहत होता, कोणी शिखरावरील पोलादी दांड्याकडे बोट दाखवीत होता. इतक्यांत एका मुलानें विचारिलें, "सर, वर इतक्या खिडक्या आहेत, मग अगदीं तळाशीं एकही खिडकी कां नाहीं?" त्या वेळीं मीं त्यास दोन वाक्यांत उत्तर दिलें, परंतु प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नव्हता. म्हणून तें उत्तर येथें विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

त्या जागेचा पूर्वइतिहास प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. न्यूयॉर्क येथें वर्ल्ड ट्रेड सेंटर या नांवाचा व्यापारी इमारतींचा समूह होता. त्यांतील दोन जुळे मनोरे प्रत्येकीं ११० मजल्यांचे होते. सन २००१ च्या सप्टेंबर महिन्याच्या ११ तारखेस घातपाती लोकांनीं दोन प्रवासी विमानें पळवून या मनोऱ्यांवर आदळविलीं, आणि दोन तासांच्या आंत दोन्ही मनोरे जमीनदोस्त झाले. त्या स्थळीं २,७५३ माणसें प्राणांस मुकलीं. इतरांस वाचविण्याकरितां जिने चढून गेलेले अग्निशामक दलाचे ३४३ लोक त्यांतच होते.

ढिगारा उपसला गेला, तेव्हां त्या सोळा एकर भूमीचें काय करावयाचें, हा प्रश्न उभा राहिला. मृतांचे आप्त म्हणत, ही स्मरणाची जागा आहे. व्यापारी म्हणत, येथें पुन्हां कचेऱ्या उभ्या राहिल्या पाहिजेत. नागरिक म्हणत, आम्ही खचलों नाहीं हें जगास दिसलें पाहिजे. सन २००३ मध्यें डॅनियल लीबस्किंड या वास्तुकाराचा आराखडा पसंत करण्यांत आला. त्यांतील मुख्य मनोऱ्याची उंची त्यानें १,७७६ फूट ठरविली, कारण १७७६ हें अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचें वर्ष होय. मनोऱ्याचा सुळका एका बाजूस ठेवावयाचा होता. बंदरांतील स्वातंत्र्यदेवतेच्या मशाल धरलेल्या हाताची आठवण त्यानें व्हावी, हा हेतु. या मनोऱ्यास 'फ्रीडम टॉवर' म्हणजे स्वातंत्र्याचा मनोरा असें नांव मिळालें. पुढें प्रत्यक्ष इमारतीचें काम डेव्हिड चाइल्ड्स या दुसऱ्या वास्तुकाराकडे आलें व दोघांच्या मतभेदांतून एक मिश्र आराखडा तयार झाला. सन २००४ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, वीस टन वजनाची ग्रॅनाइटची कोनशिला समारंभपूर्वक बसविण्यांत आली. आतां केवळ मनोरा चढावयाचा राहिला, असें सर्वांस वाटलें.

परंतु दुसऱ्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यानें या आराखड्यास हरकत घेतली. हरकत उंचीस नव्हती, सौंदर्यासही नव्हती. ती रस्त्याच्या सान्निध्यास होती. मनोऱ्याच्या पश्चिमेस वेस्ट स्ट्रीट हा रहदारीचा हमरस्ता आहे. मनोऱ्याची भिंत त्या रस्त्यापासून एके ठिकाणीं अवघ्या २५ फुटांवर येत होती. स्फोटकांनीं भरलेली मालमोटार त्या रस्त्यावर येऊन थांबली तर काय होईल, असा पोलिसांचा सवाल होता.

हा सवाल काल्पनिक नव्हता. याच स्थळीं सन १९९३ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २६ तारखेस तळघरांतील मोटारी ठेवण्याच्या जागेंत एका भाड्याच्या मालमोटारीमध्यें बाँब उडून सहा माणसें मेलीं व हजारांहून अधिक जखमी झालीं होतीं. त्यानंतर चवदाच दिवसांनीं, १२ मार्च रोजीं, आपल्या मुंबईंत बाँबस्फोटांची मालिका झाली व २५७ जीव गेले, हें पालकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. त्या मालिकेंतील एक स्फोट शेअर बाजाराच्या उंच इमारतीच्या तळघरांत मोटारींतच झाला होता. सन १९९५ मध्यें अमेरिकेंतील ओक्लाहोमा शहरीं एका सरकारी कचेरीसमोर रस्त्यावर मालमोटार उभी करून स्फोट घडविण्यांत आला. इमारतीचा मोठा भाग कोसळला व १६८ माणसें ठार झालीं. विमान पळविणें अवघड आहे. मालमोटार मात्र कोणत्याही रस्त्यावर येऊं शकते. म्हणून पोलिसांची दृष्टि आकाशाकडे लागलेली नसून रस्त्याकडे लागली होती.

रस्त्यापासून कांहीं फूट मागें सरल्यानें एवढा फरक कां पडावा, असें वाचकांस वाटेल. विहिरींत दगड टाकला असतां लाटा जशा वर्तुळानें पसरतात व दूर जातां जातां मंदावतात, तशीच स्फोटाची लाट हवेंत पसरते. भेद इतकाच कीं, पाण्यावरील लाट सपाटीवर पसरते. हवेंतील लाट वर आणि भोंवतीं अशी सर्व दिशांनीं, गोलाप्रमाणें पसरते. गोलाचें घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. अंतर दुप्पट झालें कीं तीच शक्ति आठपट जागेंत वांटली जाते. नव्या आराखड्यांत २५ फुटांऐवजीं सरासरी ९० फूट अंतर ठेवण्यांत आलें. अंतर साडेतीन पटींहून अधिक वाढलें, म्हणजे शक्ति पसरण्याची जागा चाळीस पटींहून अधिक झाली. प्रत्यक्ष गणितांत भिंतींवरून परतणारी लाट वगैरे गोष्टी धराव्या लागतात व तें पुष्कळ गुंतागुंतीचें आहे. तथापि मुख्य तत्त्व हेंच. जाड भिंत, मजबूत पोलाद यांहूनही मोकळी जागा हीच सर्वांत भरवंशाची ढाल होय.

सन २००५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरांनीं मनोरा पुन्हां आंखण्याचा हुकूम दिला, आणि जून महिन्याच्या २९ तारखेस नवा आराखडा लोकांपुढें आला. तळाशीं सुमारें २०० फूट लांब व तितकाच रुंद चौरस; तो जुन्या मनोऱ्यांच्या तळाएवढाच होता. प्रवेशाचीं दारें वजा करतां पहिल्या १८५ फुटांपर्यंत काँक्रीटची जाड, खिडक्या नसलेली बैठक. हेंच त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर. त्या बैठकीवर मनोरा जसजसा वर जातो तसतसे त्याचे चारही कोपरे तासले जातात. हा आकार समजण्यास साबणाची एक उंच चौकोनी वडी उभी धरावी. वरच्या चौरसाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदु आंखावे. मग तळाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून वरच्या लगतच्या दोन मध्यबिंदूंपर्यंत सरळ काप घ्यावा. चार काप झाले म्हणजे वडीस आठ त्रिकोणी बाजू येतात. मध्यावर ती अष्टकोनी होते, आणि माथा पुन्हां चौरसच, पण तळाच्या मानानें ४५ अंशांत वळलेला. घरीं करून पाहण्याजोगा हा प्रयोग आहे.

पूर्वीचा अर्थ मात्र टाकून दिला नाहीं. माथ्यावरील कठडा १,३६८ फुटांवर, म्हणजे जुन्या उत्तर मनोऱ्याच्या छपराच्या उंचीवर ठेवला. सुळका मध्यभागीं आला, तरी त्याचें टोंक १,७७६ फुटांवरच राहिलें.

दुसरा धडा जिन्यांचा. जुन्या मनोऱ्यांत तिन्ही जिने मध्यभागीं जवळजवळ होते व त्यांच्या भिंती हलक्या जिप्समच्या तक्त्यांच्या होत्या. विमान आदळतांच उत्तर मनोऱ्याचे तिन्ही जिने तुटले, आणि त्याच्या वर अडकलेल्यांपैकीं एकही मनुष्य वांचला नाहीं. नव्या इमारतींत जिने अधिक रुंद करून काँक्रीटच्या भक्कम गाभ्यांत घातले आहेत. त्यांत धूर शिरूं नये म्हणून आंतील हवेचा दाब जास्त ठेवण्याची सोय आहे. आणि अग्निशामक दलासाठीं निराळा जिना आहे. वर चढणारे व खालीं धांवणारे यांची गांठ पडून खोळंबा होऊं नये, हा त्यांतील हेतु. स्मारक बांधणाऱ्यांनीं मृतांचें यापरतें खरें स्मरण कोणतें करावें?

तरीही टीका झालीच, आणि ती सर्वस्वी अनाठायीं नव्हती. स्वातंत्र्याचें नांव घेऊन किल्ला बांधणें कितपत शोभतें, असें टीकाकार विचारूं लागले. रस्त्यानें जाणाऱ्या नागरिकास आंधळी भिंत दाखविणें म्हणजे भय मनांत घर करून बसल्याची कबुली होय, असें त्यांचें म्हणणें. वास्तुकारांनीं ती बैठक लोलकाकृति कांचांनीं मढवून तिच्यावर प्रकाश खेळवावयाचें ठरविलें. परंतु चांचण्यांत त्या कांचा फुटून त्यांचे मोठे, धारदार तुकडे होतात असें दिसून आलें. स्फोटांत पुष्कळ माणसें कांचेनेंच घायाळ होतात; म्हणून सन २०११ मध्यें तोही बेत सोडून दिला. आज तेथें उभ्या कांचेच्या पट्ट्या व पोलादी फळ्या आहेत, आणि रात्रीं त्यांमागून दिवे झळकतात.

या सर्व खटाटोपांत त्या कोनशिलेचें काय झालें? नव्या आराखड्यांत तिची जागा चुकीची ठरली. सन २००६ मध्यें तिला गुपचूप उचलून, जेथें ती घडविली होती त्या आवारांत परत नेण्यांत आलें. वाद्यांच्या गजरांत बसविलेला दगड हलविणें ही मानहानीची गोष्ट खरी. पण त्या दगडाच्या प्रतिष्ठेसाठीं मनोरा रस्त्यालगतच राहूं दिला असता, तर ती चूक किती मोठी झाली असती! कामाचें सन २००९ मध्यें नांवही बदललें. 'फ्रीडम टॉवर' हें नांव मागें पडून 'वन वर्ल्ड ट्रेड सेंटर' हें साधें नांव रूढ झालें. इमारत सन २०१४ च्या नोव्हेंबर महिन्यांत वापरांत आली.

वास्तविक शोकाचें मुख्य स्थान या मनोऱ्यांत नाहींच. तें त्याच्या पायथ्याशीं आहे. जेथें जुने मनोरे उभे होते तेथें प्रत्येकीं सुमारें एक एकराचीं दोन जलकुंडें केलीं असून तीं सन २०११ च्या ११ सप्टेंबरला मृतांच्या आप्तांकरितां उघडण्यांत आलीं. त्यांच्या कांठावर ब्राँझच्या पत्र्यांत २,९८३ नांवें कोरलीं आहेत. सन १९९३ च्या सहा मृतांचींही त्यांत आहेत. एकमेकांचे स्नेही, सोबती, आप्त यांचीं नांवें शक्य तेथें शेजारीं शेजारीं ठेवलीं आहेत. तेथें भिंत नाहीं. हातानें नांवावरून बोट फिरवितां येतें.

आपल्या मुंबईंत ओव्हल व आझाद मैदान आहेत. किल्ल्यावर चालून येणारा शत्रु तोफेच्या टप्प्यांत उघडा पडावा म्हणून तटाबाहेर राखलेल्या मोकळ्या भूमीचे ते अवशेष होत. तट १८६० नंतरच्या काळांत पाडले; भय गेलें, जागा राहिली, आणि आज तेथें मुलें क्रिकेट खेळतात. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यानें मागें सरून सोडलेली जागाही केवळ भयाची राहील कीं लोकांची होईल, हें दगडावर अवलंबून नसून तेथें येणाऱ्याजाणाऱ्या लोकांवर अवलंबून आहे. भीति माणसास घरांत कोंडते. दक्षता त्यास निर्धास्तपणें बाहेर पडूं देते. दोहोंची भिंत एकाच काँक्रीटची असूं शकते, म्हणून त्यांतील भेद ओळखण्यास शिकलें पाहिजे. आणि मुलांनो, आंखलेली रेघ चुकली असें कळलें, तर ती खोडून पुन्हां आंखण्यास कधीं लाजूं नका. मग ती वहींतील असो वा वीस टनांच्या दगडाखालची असो.