शब्दांचा चमत्कार कसा तपासायचा?

कुराण ईश्वराकडून आले याला पुरावा काय, या प्रश्नाचे इस्लामी परंपरेतले मुख्य उत्तर भाषेत आहे. 'बकरा' या दुसऱ्या सूरेत (अध्यायात) शंकेखोरांना आव्हान दिले आहे: अशी एक तरी सूरा रचून आणा. सगळ्यात छोटी सूरा 'कौसर', अवघ्या ३ आयतींची (वचनांची). म्हणजे मागणी तशी फार मोठी नाही! कुराणाच्या या अजोडपणाला 'इजाज' म्हणतात.

गंमत अशी की, चमत्कार नेमका कशात, यावर मुस्लिम पंडितांतच जुंपली. ९व्या शतकातल्या बसऱ्याच्या नज्जामचे म्हणणे, शैली माणसाच्या आवाक्यातलीच आहे. ईश्वराने लोकांना तसे रचण्यापासून रोखले, हा खरा चमत्कार. ११व्या शतकातल्या अब्दुल काहिर जुरजानीला हे मान्य नव्हते. सुटे शब्द सगळ्यांचेच असतात, किमया त्यांच्या गुंफणीत आहे, असे त्याने व्याकरणाच्या अंगाने बारकाईने मांडले. मला हा युक्तिवाद जास्त वजनदार वाटतो.

तरी अडचण उरतेच. सरस-निरस ठरवणार कोण? शिवाय अजोड आहे म्हणून दैवी आहे, ही उडी लांबची. अजोड तर कालिदासही आहे. त्याला कुणी प्रेषित म्हणत नाही.

हस्तलिखितांचा आधारही इथे तोकडा पडतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कुराणाच्या दोन पानांचे चर्मपत्र कार्बन चाचणीत इ.स. ५६८ ते ६४५ या काळातले ठरले. पैगंबरांचे निधन ६३२चे. चर्मपत्र जुने आहे एवढे यातून कळते, मजकुराचा उगम नाही.