इनामगावची पांढरी

शेतकऱ्याच्या बोलीत पिकाच्या जमिनीस ‘काळी’ म्हणतात आणि गावाच्या वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणतात. मातीच्या भिंती पडतात, चुलीतील राख साचते, त्यांवर पुन्हा नव्या भिंती उभ्या राहतात. अशा रीतीने माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, की तेथील माती पांढुरकी होते. गाव उठून गेले तरी ती मागे राहते.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे खेडे आहे. नदी सह्याद्रीत उगम पावते व पुढे भीमेस मिळते. परंतु हा मुलूख पर्जन्यछायेतील असल्याने येथे पाऊस बेताचाच पडतो. या गावाजवळील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर प्रभृती संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात केले. तेव्हा असे दिसून आले की, इ. स. पू. १६०० च्या सुमारास येथे शेतकऱ्यांनी वस्ती केली आणि ती जवळजवळ ९०० वर्षे नांदली.

या लोकांस लोखंड ठाऊक नव्हते. तांबे थोडे होते. नित्याच्या कामाला दगडाची धारदार पाती वापरीत. त्यांची घरे चौकोनी, मातीच्या भिंतींची व ओळीने बांधलेली होती. तांबड्या मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी काढण्याची त्यांना हौस होती. सातू हे त्यांचे मुख्य धान्य. शिवाय गहू, वाटाणा व डाळीही ते पिकवीत. बोरे, जांभळे आणि आवळे तेही खात असत, हे वाचून तुम्हांस गंमत वाटेल! लहान मूल दगावले, तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. मूल घराबाहेर दूर न्यावे, हे त्या आईबापांच्या जिवावर येत असावे.

गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. हे गावच्या प्रमुखाचे घर असावे, असे संशोधक मानतात. परंतु सर्वांत महत्त्वाचा शोध म्हणजे पाण्याचा पाट. नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी या लोकांनी सुमारे २०० मीटर लांबीचा पाट खणला होता आणि त्याला दगडमातीचा बांधही घातला होता. लोखंडी कुदळ नसताना एवढे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. त्याला सारा गाव राबला असला पाहिजे.

इ. स. पू. १००० नंतर मात्र गावाची कळा पालटली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. मडक्यांचा घाटही ओबडधोबड झाला. पाऊस कमी होत गेला, शेती पिकेना आणि लोक शिकारीवर व गुरांवर अधिकाधिक विसंबू लागले, असे डॉ. ढवळीकरांचे अनुमान आहे. इ. स. पू. ७०० च्या सुमारास पांढरी ओस पडली.

पांढरीची माती पिकाला चांगली मानवते. म्हणून महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांनी ती गाड्या भरभरून काळीत नेऊन टाकली आहे. त्या मातीबरोबर खापरे, जळके दाणे आणि चुलींची राख हीही शेतांत पसरली. इनामगावचे दाणे मात्र चाळणीने वेचले गेले, म्हणूनच तेथील सातूची हकीकत आज आपणांस वाचावयास मिळते.