जुन्या जीपला इंजिन कोणते? आधी आरसी बघा

वारज्याहून नव्या कात्रज बोगद्याकडे चढताना जुन्या पेट्रोल जीपला धाप लागते. मग ‘डिझेल टाक’ हा सल्ला हमखास मिळतो.

घाई नको. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. शिवाय अशी गाडी रोज चालवता येत नाही. हा क्रमांक हवा असेल, तर मूळ हरिकेन इंजिनच दुरुस्त करायचे.

रोज चालवायची असेल, तर इंजिन बदलण्याआधी कलम ५२खाली आरटीओची परवानगी लागते. ती मिळेलच असे नाही.

परवानगी मिळाली, तरी खरा प्रश्न गिअरबॉक्सचा. महिंद्राच्या सीजे-३बीचा डिफरन्शिअल रेशो ५.३८. ६.००-१६ टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी ८० किमीला इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेते. इंजिन कितीही दमदार बसवा, हा आकडा तोच राहतो. ०.८ रेशोचा पाचवा गिअर तो २,६०० वर आणतो. मात्र बॉक्स लांब असेल, तर मागचा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो, त्याचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात.

परतीच्या वाटेवर नवले पुलाचा उतार आहे. जुने ड्रम ब्रेक त्याआधी उघडून पाहावेत.